वीस काड्या

सॅक्सोफोन शिकायला गेले तेव्हा मास्तरांनी माझ्या हातात पहिल्यांदा काय दिलं असेल, तर काड्यापेटी. नोएडाहून मेट्रोच्या गर्दीत लेकरासारखा छातीशी धरून मी माझा नवाकोरा सॅक्सोफोन पहाडगंजपर्यंत आणला होता, आणि तो त्यांनी मला पेटीतून बाहेरसुद्धा काढू दिला नाही. वीस काड्या मोजून सतरंजीवर ठेवल्या. पोटात श्वास भरायचा, मनात चार मोजेपर्यंत धरायचा, मग दातांच्या फटीतून स्स करत सोळा मोजेपर्यंत सोडायचा आणि डावीकडची एक काडी उजवीकडे ठेवायची. वीस काड्या उजवीकडे गेल्या की आजचं शिक्षण संपलं, म्हणाले.

त्या वेळी मी सेहेचाळीस वर्षांची होते. नोएडात एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठी टीम सांभाळत होते. मी मुळात तापट. माझा मेल आला की पोरं आधी चहा पिऊन घेतात आणि मग उघडतात, असं मला एका धीट मुलीने सांगितलं होतं. सबंध रविवार काड्या मोजण्यात घालवायला मी काही मोकळी नव्हते. पण शिकवणारं दुसरं कुणी मला सापडलं नव्हतं, आणि इंटरनेटवरचे हसरे गोरे शिक्षक बघून शिकायचा प्रयोग तीन महिन्यांत आटोपला होता. शेवटी ऑफिसातल्या एकाच्या लग्नात मी सरळ बँडवाल्यालाच गाठलं. त्याने या मास्तरांची गल्ली सांगितली आणि वर म्हणाला, आपके ही तरफ के हैं.

मास्तर मिरजेजवळच्या एका गावचे. सतराव्या वर्षी मामाबरोबर दिल्लीला आले आणि पहाडगंजातल्या एका लग्नाच्या बँडमध्ये लागले. आधी क्लॅरिनेट, मग सॅक्सोफोन. चाळीसेक हिवाळे त्यांनी दुसऱ्यांच्या वरातींपुढे चालत काढले. मुलं इथल्याच मराठी शाळेत शिकून बाहेरगावी गेली, बायको गेल्याला सहा वर्षं झाली होती, आणि दिल्लीच्या हवेने मास्तरांची छाती पार खलास केली होती. डॉक्टरांनी फुंकायला सक्त बंदी केलेली. त्यांचा स्वतःचा सॅक्सोफोन कपाटावर पेटीत पडून असायचा. दोन वर्षांत मी त्यांनी वाजवलेला एकही सूर ऐकला नाही. काही दाखवायचं झालं की ते गुणगुणून दाखवत, आणि तेवढ्यानेही त्यांना मध्येच थांबावं लागे.

तीन आठवड्यांनी सॅक्सोफोन पेटीतून बाहेर आला, पण वाजवायला मिळाला नाही. नुसतं माउथपीस ओठांत धरून एकच सूर, हलू न देता. तो बदकाच्या ओरडण्यासारखा निघायचा आणि मास्तर डोळे मिटून ऐकायचे. मग सगळा बाजा जोडून लांब सूर: एक एक सूर हळू सुरू करायचा, मोठा करायचा, पुन्हा हळू करत नाहीसा करायचा. गाणं शेवटी, वेळ उरला तर. इंग्रजी पुस्तकं याला वॉर्म-अप म्हणतात. मास्तर म्हणायचे, बाजा गरम करणं. त्यांच्या लेखी बाजा आणि माणूस एकदमच गरम व्हायला हवेत, एक आधी आणि एक मागाहून असं चालत नाही.

घरी वाजवायची सोय नव्हती. पहिल्याच सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर, कुणाच्या घरी म्हैस आणली आहे का, अशी चौकशी हिंदीत झाली. तेव्हापासून मी तळघरातल्या पार्किंगमध्ये, गाडीच्या काचा वर करून, मागच्या सीटवर बसून वाजवते. डॅशबोर्डवर डावीकडे वीस काड्या ठेवायच्या, एकेक उजवीकडे न्यायची. खरं सांगायचं तर घाईच्या दिवशी मी काड्यांना फाटा द्यायचे. पहाडगंजला गेल्यावर पहिला सूर लावला की मास्तर नुसतं विचारायचे, "काड्या?" आणि मी बाजा बाजूला ठेवून काड्या मोजायला घ्यायचे.

त्यांनी मला एक चमत्कारिक गोष्टही शिकवली होती. जानेवारीतल्या वराती. घोडी, नवरदेव, त्याचे मेहुणे सगळे तयार होईपर्यंत बँडने फाटकाबाहेर धुक्यात दोन-दोन तास उभं राहायचं. वाजवायचं मात्र नाही. पितळ थंड पडलं की सूर उतरतो, आणि वरात निघाली की पहिल्या सुरापासून सगळं जुळलेलं हवं. म्हणून हे लोक माउथपीस काढून काखेत धरत, कोट बाज्यावर घालत, आणि सगळ्या चाव्या बोटांनी दाबून नळीत तोंडाने नुसती ऊब सोडत राहत. आवाज अजिबात नाही. मास्तरांनी हे मला हातवाऱ्यांनी दाखवलं. मी मनात म्हटलं, मला कुठे कुणाच्या वरातीत उभं राहायचं आहे.

आता गणपतीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्याकडच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मी एक भावगीत वाजवणार होते. ऑफिसातून निघायला उशीर झाला, रस्त्यात अडकले, पोचले ती थेट स्टेजवर. काड्या नाहीत, लांब सूर नाहीत. हॉलचा एसी असा सोडलेला की बायकांनी पदर खांद्यांवरून घेतले होते. पेटीवाल्याने सूर दिला तर माझा त्याच्या बराच खाली. मी शहाण्यासारखं माउथपीस आत ढकललं, नळी आखूड झाली, सूर वर आला, जुळला. पहिलं कडवं ठीक गेलं. मग माझ्या श्वासाने पितळ तापलं आणि सूर चढायला लागला. पेटीचे सूर काही जागचे हलत नाहीत. दुसऱ्या अंतऱ्याला पेटीवाल्याने वाजवणं सोडून दिलं, आणि पुढच्या रांगेतल्या एका मुलीने दोन्ही कानांवर हात ठेवले. मी नंतर सगळ्यांना एसीचं सांगत फिरले. नाचता येईना, अंगण वाकडं.

मास्तरांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. ते म्हणाले, थंड बाज्याला ढकलून जुळवलं की तो खोटा जुळतो. एवढंच.

मंडळाने संक्रांतीच्या स्नेहमेळाव्यात मला पुन्हा एक संधी द्यावी म्हणून मी स्वतः कार्यवाहांकडे गेले. ते भले गृहस्थ, पुण्याचे, बँकेतून निवृत्त. संधी द्यायला तयार झाले. मग मी म्हटलं, त्याच दिवशी माझ्या गुरूंचा सत्कारही करा. चाळीस वर्षं या शहरात वाजवतात, आपल्या कुणाला माहीत नाहीत. "म्हणजे लग्नाच्या बँडमधलेच ना ते?" त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं. मी हो म्हटलं. माझे कान तापले होते. शेवटी ते म्हणाले, करू या, पण तुमचं वाजवणं या खेपेला चोख हवं. शिष्या बेसूर वाजली आणि गुरूला शाल, असं झालं तर लोक हसतील, आणि ते तुम्हालाच वाईट वाटेल.

हे शब्द मी महिनाभर बरोबर घेऊन फिरले. माझी फजिती झाली असती तर मी चार दिवस रडून-चिडून मोकळी झाले असते. पण आता माझ्या पहिल्या सुरावर त्यांची शाल अवलंबून होती. मास्तरांना सत्काराचं माहीत होतं, या अटीचं नाही. त्यांनी आदल्या रविवारी मला दोनदा विचारलं, "स्टेजवर बसायचं म्हणजे, खुर्चीवर?" मी म्हटलं, हो, खुर्चीवर. मग त्यांनी काळा बंद गळ्याचा कोट इस्त्रीला दिला.

मेळावा जानेवारीतल्या एका रविवारी, सेक्टरमधल्या समाजकेंद्राच्या हिरवळीवर होता. मांडवाला तीन बाजूंनी कनाती, चौथी बाजू उघडी. तीन दिवस सूर्य दिसला नव्हता. छापील कार्यक्रमपत्रिकेत माझी वेळ साडेचारची होती. या वेळी मी काही म्हणजे काही चुकणार नव्हते. साडेतीनलाच समाजकेंद्राच्या ऑफिसात हीटर लावून बसले. वीस काड्या. माउथपीसचा एकच सूर. मग लांब सूर, खालपासून वरपर्यंत. पेटीवाला आत येऊन सूर जुळवून गेला आणि जाताना अंगठा दाखवून गेला. चार पंचवीसला मी बाजा गळ्यात अडकवून स्टेजमागच्या पडद्याशी येऊन उभी राहिले. हात गरम होते, बाजा गरम होता.

आणि तिथे मला माझी चूक कळली. आपल्या माणसांचा कार्यक्रम साडेचारला असला की साडेचारला भाषणं असतात, हे अठ्ठेचाळीस वर्षं मराठी असून मी विसरले होते. ऑफिसातल्या मीटिंगसारखा मी त्या छापील कागदावर विश्वास ठेवला. प्रमुख पाहुणे तिकडे दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरून निघाले आहेत असं जाहीर झालं. ते आले पाच वाजता. मग दीपप्रज्वलन, आणि वाऱ्याने समई तीनदा विझली. मग स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, अध्यक्षांचा परिचय. नमनाला घडाभर तेल. मला परत ऑफिसात हीटरपाशी जाता येईना, कारण दर पाच मिनिटांनी कुणीतरी येऊन सांगायचं, ताई, बस आता तुम्हीच, जाऊ नका. पडद्यामागे एक सूर जरी काढला असता तरी तो माइकमधून अख्ख्या मांडवात गेला असता.

पितळ बोटांखाली थंड होत गेलेलं मला कळत होतं. आधी घंटेकडचा, म्हणजे पुढच्या रुंद तोंडाचा भाग, मग मधली नळी, शेवटी चाव्यासुद्धा. मला मास्तरांची वरातीची युक्ती आठवली. माउथपीस काखेत धरलं, सगळ्या चाव्या दाबल्या आणि नळीत ऊब सोडायला लागले. पण घाबरलेल्या माणसाचा श्वास काय कामाचा? तो छातीतच अडकायचा. चार-पाच श्वासांत मला गरगरायला लागलं. ढकलायचं का माउथपीस पुन्हा आत, असंही एकदा मनात आलं, आणि आलं याचा संताप आला.

तेवढ्यात मास्तरांचं नाव पुकारलं गेलं. कार्यवाहांनी 'संगीताचे ज्येष्ठ साधक' म्हटलं, बँडचं नाव काढलं नाही. पाहुण्यांनी किरमिजी काठाची शाल त्यांच्या खांद्यांवर घातली, नारळ दिला. टाळ्या बेताच्याच झाल्या. मास्तर खुर्चीत परत बसले ते अगदी ताठ, नारळ दोन्ही हातांत मांडीवर धरून. पडद्याच्या फटीतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. इतका सुखी माणूस मी क्वचित पाहिला असेल. पाहुणे मनोगत मांडायला उठले.

मास्तरांची नजर फिरत फिरत पडद्याकडे आली आणि माझ्यावर थांबली. मी नळीत फुंकत होते ते त्यांना दिसलं असावं. मग त्यांनी नारळ खुर्चीवर ठेवला आणि वाकून, भिंतीच्या कडेने जावं तसे, स्टेजच्या मागच्या पायऱ्या उतरले. म्हातारा माणूस, लघवीला जायचं असेल, म्हणून लोकांनी वाट दिली.

मागे आल्यावर त्यांनी बाज्याला उलटा हात लावला. खांद्यावरची शाल काढली, घडी मोडून बाज्याच्या घंटेला आणि पोटाला गुंडाळली. दोन वर्षांत ते मला 'ताई, तुम्ही' सोडून बोलले नव्हते. त्या दिवशी म्हणाले, "आण इकडं. तुझा दम राखून ठेव, गाण्याला लागंल."

मला त्यांची छाती माहीत होती. डॉक्टरांचं माहीत होतं. गल्लीतून दोन जिने चढताना ते तीनदा थांबतात हे मी दर रविवारी बघत होते. मी बाजा गळ्यातून काढला आणि त्यांच्या हातात दिला.

ते एका उलट्या क्रेटवर बसले. माउथपीस माझ्याकडेच, माझ्या काखेत. त्यांनी नळीला तोंड लावलं, बोटं चाव्यांवर अशी बसली जशी कधी उचललीच नव्हती, आणि ते श्वास सोडायला लागले. आवाज नव्हता. पडद्यापलीकडे पाहुणे दिल्लीतल्या मराठी माणसाच्या योगदानाबद्दल बोलत होते. इतका वेळ मी देवाला सांगत होते की ही भाषणं संपू देत. आता मी म्हणत होते, हे भाषण लांबू दे. काड्या नव्हत्या, म्हणून मी बोटांवर मोजायला लागले. एक. दोन. सहा. त्यांच्या मानेच्या शिरा दोऱ्यांसारख्या वर आल्या होत्या. दहाव्या श्वासाला कपाळावर घाम, त्या थंडीत. चौदाव्याला त्यांनी तोंड काढलं, गळ्यातला मफलर तोंडात कोंबला आणि त्यात खोकले. कुणाला ऐकू गेलं नाही. डोळ्यांत पाणी, ओठांचा रंग बदललेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा नळी तोंडाला लावली.

पंधरा. सोळा. विसाव्याला टाळ्या झाल्या, पाहुणे बसले आणि माझं नाव पुकारलं गेलं. मास्तरांनी शाल सोडवली, बाजा माझ्या गळ्यात अडकवला, माउथपीस स्वतः बसवून खुणेच्या रेघेपर्यंत आणलं. बोलायला त्यांना श्वास नव्हता. हातानेच म्हणाले, जा.

पेटीवाल्याने सूर दिला. मी माझा लावला. तो जुळलेला होता, आणि शेवटपर्यंत जुळलेलाच राहिला. पितळ माझ्या पोटाशी उबदार होतं. ती सात मिनिटं मी फार सुखात होते आणि त्या सात मिनिटांत मास्तर मला एकदाही आठवले नाहीत, हेही इथे लिहायला हवं. संपल्यावर लोकांनी भरभरून टाळ्या वाजवल्या. कार्यवाह माइकवर म्हणाले की अशी शिष्या घडवणाऱ्या गुरूंना आपण सर्वांनी उभं राहून दाद देऊ या. सगळे उभे राहिले आणि स्टेजवरच्या खुर्चीकडे बघायला लागले. खुर्चीवर नारळ होता.

ते क्रेटवरच होते, गुडघ्यांवर वाकून, शाल मांडीवर. श्वासाची शिट्टी मला चार पावलांवरून ऐकू आली. मी आणि समोर प्रेक्षकांत बसलेल्या माझ्या नवऱ्याने त्यांना गाडीत घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. तोंडाला वाफेचा मास्क लावला, दोन इंजेक्शनं झाली. डॉक्टरीणबाईंनी हिंदीत खडसावून विचारलं, इन्होंने कुछ फूँका है क्या? तासाभराने रंग परत आला. आठेक दिवस ते अंथरुणावर होते, मग उठले. आजही आहेत, रविवारी शिकवतात, जिन्यावर आता पाचदा थांबतात.

त्या संध्याकाळी त्यांना पहाडगंजला सोडायला जाताना मी गाडीत रडले आणि त्यांच्यावर ओरडलेही. मला दुसरं येत नाही. डॉक्टरांनी एवढं सांगितलेलं असताना तुम्ही वाजवलंत कशाला, असं काहीतरी बोलले. ते खिडकीतून बाहेरचं धुकं बघत होते.

"मी कुठं वाजवला, ताई?" ते म्हणाले. "मी नुसता गरम केला."

मी त्यांची माफी मागितली तेव्हा त्यांनी ती ऐकूनही घेतली नाही. चूक पत्रिका छापणाऱ्याची, म्हणाले. कार्यवाहही म्हणाले, नवराही म्हणाला, की तुला गडबडीत काय कळणार त्यांना किती त्रास होतोय. मी हो म्हणून मान हलवते. रोज सकाळी तळघरात गाडीच्या डॅशबोर्डवर काड्या मांडते, आता एकही दिवस चुकवत नाही. मला चौदाव्या श्वासालाच कळलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं होतं, मी थांबा म्हटलं असतं तर ते थांबले असते. मी विसापर्यंत मोजले.